मंत्रीच आमदार असतील, तर सत्ता-विभाजन उरलं कुठे?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. पुस्तकात कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ आणि न्यायमंडळ वेगळं असतं असं लिहिलंय. पण आपल्याकडे मंत्री हे आमदार-खासदारच असतात आणि सभागृहात बहुमतही त्यांचंच असतं, मग हे विभाजन खरं आहे की फक्त परीक्षेपुरतं? आणि लोकांनी निवडून दिलेल्या संसदेचा कायदा न निवडलेले न्यायाधीश रद्द करतात, हे लोकशाहीत बसतं का?

मी सोलापूरला वकिली करतो, कामं बहुतेक फौजदारी. त्यामुळे हा विषय माझ्यासमोर रोज येतो आणि उत्तर थोडं लांबेल.

पहिली शंका रास्त आहे. फ्रेंच विचारवंत माँतेस्क्यूने १७४८ मध्ये जे मांडलं त्याचं सार असं की, जो कायदा करतो तोच राबवू लागला आणि राबवणाराच निवाडा करू लागला, तर माणसाला दाद मागायला जागा उरत नाही. अमेरिकेने हे अक्षरशः घेतलं. तिथला अध्यक्ष काँग्रेसचा, म्हणजे तिथल्या संसदेचा, सदस्य नसतो. आपण ती वाट घेतली नाही, आणि ती नजरचूक नव्हती. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधानाचा मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी कारण सांगितलं होतं. सरकार स्थिर हवं आणि जबाबदारही हवं, दोन्ही पूर्णपणे एकत्र मिळत नाहीत, आणि मसुद्याने जबाबदारीला झुकतं माप दिलं आहे. प्रश्न, ठराव, अविश्वास यांच्या रूपाने सरकारची झडती रोज व्हावी, फक्त पाच वर्षांनी नको, असा तो विचार. म्हणून अनुच्छेद १६४ मध्ये मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकपणे जबाबदार आहे. मंत्र्याला सभागृहात बसवलं ते त्याला उत्तर द्यावं लागावं म्हणून.

सर्वोच्च न्यायालयानेही १९५५ मध्ये राम जवाया कपूर खटल्यात हेच सांगितलं. पंजाब सरकारने शालेय पुस्तकं स्वतः छापायला घेतली म्हणून प्रकाशक कोर्टात गेले होते. न्यायालय म्हणालं की आपल्या संविधानाने सत्ता-विभाजन कडक अर्थाने स्वीकारलेलं नाही, पण प्रत्येक अंगाचं काम पुरेसं वेगळं ठेवलं आहे आणि एकाने दुसऱ्याचं मूळ काम बळकावणं संविधानाला अभिप्रेत नाही. तुमच्या परीक्षेत हा खटला जरूर लिहा.

म्हणजे मंत्री आणि आमदार यांच्यातली रेघ आपण मुद्दामच पुसट ठेवली. ठळक रेघ आहे ती न्यायालयाभोवती. ती का लागते हे सोलापूरकराला परदेशी ग्रंथातून शिकावं लागत नाही.

मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर इथे गिरणी कामगार आणि शहर पेटून उठलं, गोळीबार झाला आणि मग मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, लागला. व्हाइसरॉयने त्यासाठी खास सोलापूरपुरता वटहुकूम काढला. तेव्हाच्या भारत सरकार कायद्यातलं कलम ७२ त्याला कोणत्याही सभागृहाला न विचारता सहा महिने टिकणारा कायदा करू देत होतं. त्याच्या आधाराने लष्करी अधिकाऱ्याने नियम काढायचे, त्याच्या माणसांनी राबवायचे आणि ते मोडणाऱ्याला त्याच व्यवस्थेतल्या न्यायालयाने शिक्षा द्यायची. गांधी टोपी घालणं हासुद्धा गुन्हा ठरला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी झाली, त्यांचे पुतळे आपल्या शहरात आहेत. आपण त्यांच्याकडे स्वातंत्र्याचे हुतात्मे म्हणून पाहतो आणि ते योग्यच आहे. मला मात्र त्या मे-जूनमध्ये संविधानाचा एक धडाही दिसतो. तेव्हा कायदा होता, अंमलबजावणी होती, न्यायालयंही होती. फक्त ती एकमेकांना अडवू शकत नव्हती.

आता संविधान उघडा. मार्शल लॉचा उल्लेख अनुच्छेद ३४ मध्ये आजही आहे, पण त्या काळातल्या कृत्यांना संरक्षण द्यायचं तर ते संसदेने कायदा करून द्यायचं. वटहुकूम अनुच्छेद १२३ आणि २१३ मध्ये आहे, पण तो अधिवेशन चालू नसतानाच काढता येतो आणि सभागृह भरल्यापासून सहा आठवड्यांत मंजुरी न मिळाल्यास संपतो. ही मुदत किती महत्त्वाची ते पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधल्या डॉ. डी. सी. वाधवांनी दाखवून दिलं. बिहारमध्ये १९६७ ते १९८१ दरम्यान २५६ वटहुकूम निघाले होते. काही तर सभागृहासमोर न नेताच पुन्हा पुन्हा काढून वर्षानुवर्षं जगवले गेले. वाधवा थेट सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि डिसेंबर १९८६ मध्ये न्यायालयाने ही पद्धत संविधानाशी प्रतारणा असल्याचं स्पष्ट म्हटलं. एका अभ्यासकाने गॅझेटं चाळून हे केलं, याचा मला फार आदर वाटतो.

फौजदारी न्यायाचं म्हणाल तर ब्रिटिश काळात कलेक्टर, प्रांत, मामलेदार हेच मॅजिस्ट्रेटही असायचे. महसूल वसूल करणारा, बंदोबस्ताला जबाबदार असणारा आणि शिक्षा सुनावणारा माणूस एकच. हे काम वेगळं करा ही काँग्रेसची अगदी सुरुवातीच्या अधिवेशनांपासूनची मागणी. अनुच्छेद ५० त्यातूनच आला, आणि मुंबई राज्याने १९५१ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. देशभर ही विभागणी पक्की झाली १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने. आज अटक झालेल्या माणसाला चोवीस तासांच्या आत अशा मॅजिस्ट्रेटपुढे उभं करतात, ज्याची बदली आणि बढती उच्च न्यायालयाच्या हातात असते. पोलिसांच्या वरिष्ठांना त्यात हात घालता येत नाही. रिमांडच्या वेळी मॅजिस्ट्रेट आरोपीला विचारतात, पोलिसांबद्दल काही तक्रार आहे का? सत्ता-विभाजन प्रत्यक्षात कसं दिसतं असं कोणी विचारलं, तर मी हाच प्रश्न दाखवेन.

पण विभागणी पूर्ण झाली असं मी म्हणणार नाही. सोलापूर शहराला पोलीस आयुक्तालय आहे. अशा शहरात शांतता राखण्याचा बाँड घेण्याच्या केसेस, ज्यांना आम्ही चॅप्टर केस म्हणतो, त्या सहायक पोलीस आयुक्तांपुढे चालतात. ते तिथे कार्यकारी दंडाधिकारी असतात. अहवाल पोलीस ठाण्याचा आणि सुनावणी पोलीस अधिकाऱ्यापुढे. तडीपारीतही तेच. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ५६ खाली प्रस्ताव ठाण्याकडून, आदेश उपायुक्तांचा, मुदत दोन वर्षांपर्यंत, साक्षीदारांचे जबाब गोपनीय आणि अपील राज्य शासनाकडे. माणसाचं घर सुटतं, काम सुटतं, आणि तोवर एकाही न्यायाधीशाने ते कागद पाहिलेले नसतात. गुंडगिरीने गांजलेल्या वस्तीसाठी ही तरतूद लागते हे मला मान्य आहे. तरीही अपील जिल्हा न्यायाधीशांकडे जायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

उच्च न्यायालयात जाता येतं, आणि आता ते जवळही आलंय. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे मुख्य ठिकाणाबाहेर बसणारं पीठ, सुरू झालं आणि सोलापूर जिल्हा त्यात आहे. ते कोणी दिलं ते पाहा. १९५६ चा राज्य पुनर्रचना कायदा संसदेचा, निर्णय मुख्य न्यायमूर्तींचा, त्याला मान्यता राज्यपालांची म्हणजे व्यवहारात मंत्रिमंडळाच्या सल्ल्याची. तिघांपैकी एकानेही हात आखडता घेतला असता तर आम्ही अजून मुंबईच्याच गाड्या धरल्या असत्या. अंगं वेगळी ठेवायची म्हणजे ती एकमेकांशी बोलणारच नाहीत, असं नाही.

पैशाबद्दल थोडक्यात. कायद्याशिवाय कर नाही (अनुच्छेद २६५) आणि सभागृहाच्या मंजुरीशिवाय तिजोरीतून खर्च नाही. हेच तत्त्व महापालिकेतही आहे. आयुक्त प्रशासन चालवतात, सभेत बसतात, बोलतात, पण त्यांना मत नसतं. मंजुरी सर्वसाधारण सभेची. मार्च २०२२ मध्ये आपल्या महापालिकेची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून जास्त काळ आयुक्तच प्रशासक होते. प्रस्तावही त्यांचा आणि ठरावही त्यांचाच. अधिकारी कितीही चांगला असो, आपल्या प्रभागातल्या पाण्याबद्दल सभेत उभं राहून विचारणारा कोणी नव्हता, हे शहराने अनुभवलं आहे.

आपल्या व्यवस्थेतलं सर्वांत कमकुवत अंग मला कायदेमंडळच वाटतं. आमदाराने स्वतःच्या सरकारला जाब विचारावा हा पाया होता. १९८५ च्या दहाव्या अनुसूचीने, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्याने, व्हिप (मतदानाबाबतचा पक्षादेश) मोडला की आमदारकी धोक्यात आणली. घोडेबाजार थांबवायला काहीतरी हवंच होतं, पण त्यात साध्या विधेयकावरचं स्वतंत्र मतही गेलं. त्यामानाने २००३ ची ९१ वी दुरुस्ती चांगली. मंत्री एकूण सदस्यांच्या १५ टक्क्यांहून जास्त नकोत, म्हणजे २८८ च्या विधानसभेत मुख्यमंत्र्यांसह ४३. सगळेच मंत्री झाले तर प्रश्न कोण विचारणार?

आता तुमचा दुसरा प्रश्न. यावर १९७५ चं उदाहरण पुरेसं आहे. १२ जूनला अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिरा गांधींची निवडणूक रद्द केली. अपील प्रलंबित असताना संसदेने ३९ वी घटनादुरुस्ती केली आणि पंतप्रधानांची ती निवडणूक वैध असल्याचं संविधानातच लिहून टाकलं. निवडून आलेली संसद, दोन तृतीयांश बहुमत, कार्यपद्धती पाळलेली. पण एका ठरावीक खटल्यात कोण जिंकलं हे ठरवणं म्हणजे निवाडा, आणि तोही पुरावा न तपासता, कोणताही कायदा न लावता. ७ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने तो भाग रद्द केला. आधार होता २४ एप्रिल १९७३ चा केशवानंद भारती निकाल, ७ विरुद्ध ६ अशा निसटत्या बहुमताचा. संसद घटनादुरुस्ती करू शकते, पण संविधानाचा मूळ गाभा मोडू शकत नाही, असं तो सांगतो. लक्षात घ्या, ७ नोव्हेंबरच्या त्याच निकालात न्यायालयाने इंदिरा गांधींची निवड मात्र कायम ठेवली, कारण निवडणूक कायद्यात झालेले बदल संसदेच्या अधिकारातले होते. कायदा बदलणं संसदेचं काम, ते न्यायालयाने मान्य केलं. निकाल देणं तिचं काम नव्हतं, ते काढून घेतलं. न्यायाधीशच न्यायाधीश निवडतात ही आजची पद्धत मलाही पटत नाही, आणि त्यावर संसदेने पुन्हा नेटका प्रयत्न करावा असं वाटतं. पण त्यामुळे १९७५ चा तो निकाल लोकशाहीविरोधी ठरत नाही.