एचओ इंजिनावर पट्टे: रंगवायचे की डिकल लावायचे?

तुम्ही विचारलंय की एचओ मापाच्या (मॉडेल रेल्वेतल्या) एकरंगी डिझेल इंजिनावर दोन्ही बाजूंनी पिवळा पट्टा हवा आहे, पुढच्या नाकावर दोन्ही पट्टे टोकदार होऊन एकमेकांना मिळायला हवेत, आणि हे रंगाने करायचं की डिकलने, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या पातळ छापील चित्राने. माझं उत्तर: बाजूचा रुंद पट्टा रंगवा, नाकावरचं टोकही रंगवा. पट्ट्याच्या कडेला बारीक रेघ हवी असेल तर तेवढ्यापुरतं डिकल वापरा. पण खरं सांगू का, माझे जे पट्टे बिघडले ते रंग किंवा डिकल निवडण्यात चूक झाली म्हणून बिघडले नाहीत. बिघडले ते आखणीत आणि पृष्ठभागात.

आधी रुंदीचा हिशोब करा. खऱ्या इंजिनावर सहा इंच, म्हणजे 152 मिमी रुंदीचा पट्टा असेल तर एचओमध्ये, म्हणजे 1:87 ला, तो 1.75 मिमी भरतो. 1:160 च्या एन मापात तोच 0.95 मिमी. दोन इंचांची रेघ एचओमध्ये जेमतेम 0.6 मिमी उरते. दीड-पावणेदोन मिमीपर्यंत मास्किंग टेप (रंग लागू नये म्हणून लावायची चिकटपट्टी) लावून रंगवणं जमतं. त्याखाली गेलात की टेप कापतानाच अर्धा दिवस जातो आणि रेघ मध्येच जाड-बारीक होते. तिथे डिकल बरं. रूलिंग पेनने (दोन पात्यांमध्ये रंग भरून रेघ ओढायच्या पेनने) अशा रेघा ओढणारे लोक आहेत, पण तो हात बसायला वर्षं लागतात.

आता आखणी. बॉडी चासीवरून उतरवा, खिडक्यांच्या काचा काढा, हाताने धरायचे दांडे निघत असतील तर तेही काढून ठेवा. भांडी घासायच्या साबणाच्या कोमट पाण्याने बॉडी धुवा आणि त्यानंतर तिला उघड्या बोटांनी हात लावू नका. पट्टा कुठून मोजायचा? बहुतेक जण बॉडीच्या खालच्या कडेपासून मोजतात, आणि तिथेच फसगत होते. ती कड पायऱ्यांपाशी, कॅबपाशी वरखाली होत असते. माझा पहिला पट्टा पट्टीने मोजून अगदी बरोबर होता आणि दिसायला तिरका. जाळ्यांच्या ओळीशी तो समांतर नव्हता, आणि डोळा जाळ्यांची ओळ पाहतो, खालची कड नाही.

म्हणून काचेचा एक सपाट तुकडा घ्या. त्यावर बॉडी उभी करा आणि जाळ्या किंवा दारांची वरची रेघ काचेला समांतर येईपर्यंत खाली कागदाच्या घड्या सारा. मग लाकडी ठोकळ्यावर अणकुचीदार पेन्सिल आडवी चिकटवा आणि ठोकळा काचेवरून सरकवत बॉडीभोवती पुसट खूण ओढा. डावी बाजू, उजवी बाजू, नाक, सगळं एकाच उंचीवर. पेन्सिल मध्ये हलवायची नाही. दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजल्या तर नाकावर पट्टे अर्ध्या मिमीने चुकतात, आणि समोरून पाहणाऱ्याला नेमकं तेच दिसतं.

नाकावरच्या टोकासाठी कागद मधोमध दुमडून अर्धा आकार कापा, उघडला की दोन्ही बाजू आपोआप सारख्या येतात. तो नाकावर धरून बघा, गोलाईमुळे टोक लांबट दिसेल. दोन-तीन कागद वाया जातील, जाऊ द्या. जमलेल्या कागदावरून टेप कापा.

रंगाचा क्रम मात्र तुमच्या बॉडीवर अवलंबून आहे. पूर्ण बॉडी नव्याने रंगवणार असाल तर काम सोपं: आधी पांढरा प्रायमर, त्यावर पिवळा, तो वाळला की पट्ट्याच्या रुंदीची टेप लावायची आणि वर गडद रंग मारायचा. टेप काढली की खाली पट्टा तयार, रुंदी टेपइतकी नेमकी. कारखान्यातला रंग तसाच ठेवायचा असेल तर उलटं करावं लागतं. पट्ट्याची जागा उघडी ठेवून बाकी सगळं झाकायचं आणि पिवळ्याच्या आधी पांढऱ्याचा पातळ थर द्यायचा. गडद रंगावर थेट पिवळा मारला तर हिरवट, मळकट दिसतो, आणि तो झाकायला थरावर थर चढवत गेलात की टेपच्या कडेला उंबरठा तयार होतो.

टेप रोलवरून ओढून तशीच लावू नका. रोलच्या कडेला धूळ बसलेली असते. काचेवर चिकटवून स्टीलची पट्टी आणि नवं ब्लेड घेऊन ताजी कड कापा. लावल्यावर टूथपिकने कड दाबा, दारांच्या फटीत आणि रिव्हेटांभोवती जास्त. मग टेपच्या कडेवर आधी बॉडीचाच रंग किंवा पारदर्शक वार्निश हलकं फवारा. झिरपायचंच असेल तर ते झिरपेल, पिवळा नाही. ही एक पायरी गाळली की दारापाशी पिवळे दात दिसतात. पिवळा फवारताना एअरब्रशचा (हवेने रंग फवारायच्या पेनचा) रोख टेपवरून पट्ट्याकडे ठेवा, कडेच्या आत घुसणारा नको. टेप रंग हाताला लागेनासा झाला की काढा, पूर्ण कडक होईपर्यंत थांबू नका. ओढायची ती स्वतःवर दुमडून, हळू. एकदा मी दोन दिवसांनी काढली आणि पट्ट्याच्या कडेचे टवके टेपबरोबर निघून आले.

बारीक रेघेच्या डिकलसाठी खाली चकचकीत वार्निश हवंच. मॅट पृष्ठभाग सूक्ष्म पाहिला तर खडबडीत असतो, डिकलच्या पातळ फिल्मखाली हवा अडकते आणि वाळल्यावर रेघेभोवती चंदेरी धुकं दिसतं. लांब रेघ एका तुकड्यात लावायचा हट्ट सोडा. दारांच्या फटींवर तुकडे करा, सांधा तिथेच लपतो. जागा ओली ठेवा म्हणजे डिकल सरकवता येतं, मग टिश्यूच्या कोपऱ्याने पाणी टिपा. त्यानंतर मायक्रो सोलसारखं मऊ करणारं द्रावण कुंचल्याने लावा. आता डिकल सुरकुततं. घाबरून बोट लावू नका! मी लावलं होतं, आणि सरळ रेघेचा साप झाला. ते आपलं आपण पृष्ठभागावर बसतं. वाळल्यावर फुगा राहिलाच तर सुईने टोचून पुन्हा एक थेंब द्या.

घरच्या प्रिंटरवर पिवळी रेघ छापायचा विचार असेल तर सावध. हे प्रिंटर पांढरा रंग छापत नाहीत आणि त्यांचा पिवळा पारदर्शक असतो. पारदर्शक कागदावर छापून गडद बॉडीवर लावलात तर रेघ गायब. पांढऱ्या डिकल कागदावर छापून अगदी कडेला कापावी लागते. त्यापेक्षा तयार रेघा घेतलेल्या बऱ्या.

सगळं निदान एक रात्र वाळू द्या. आधी चकचकीत वार्निशचा एक हात, म्हणजे डिकलची कड बुजते, मग मॅट किंवा सॅटिन (अर्धवट चकाकीचं). खिडक्यांच्या काचा त्यानंतरच बसवा, नाहीतर मॅट वार्निश त्यांच्यावरही चढेल आणि ड्रायव्हर कायमचा धुक्यात बसेल.