जिनिंग सुटलं, तरी कानातली किर्रर्र सुटत नाही

प्रश्न : बोदवडजवळच्या जिनिंगमध्ये (कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात) बारा वर्षं काम करतो. रात्री दोन्ही कानांत रातकिड्यांसारखी किर्रर्र चालते. कोमट तेल घालू का?

उत्तर : तेल नको, काडी तर नकोच. गोंगाटाने आतल्या कानातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी दुखावतात. न पोहोचणाऱ्या सुरांची भरपाई मेंदू करू पाहतो, तीच बहुधा ही किर्रर्र. आधी ऑडिओमेट्री, म्हणजे किती ऐकू येतं याची तपासणी, करा. कामावर फोमचे बोळे वापरा : वळून बारीक करा, कान वर-मागे ओढून आत सरकवा, फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरा. बरेच जण नुसते टेकवतात. मग काय उपयोग! घरी मात्र बोळे काढून ठेवा, शांततेत किर्रर्र जास्तच जाणवते. झोपताना पंखा किंवा रेडिओ, किर्ररपेक्षा किंचित हळू. आवाज एकाच कानात किंवा नाडीच्या ठोक्यासारखा असेल तर तज्ज्ञांना दाखवा. अचानक ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी.