बाणाच्या टोकाकडे बघू नकोस

टोकाने नेम न धरता, नुसत्या नजरेच्या अंदाजाने बाण मारायला शिकायचं, तर पहिले काही दिवस टार्गेटचा कागद लावूच नकोस. तीन-चार पावलांवर मोठी गवताची गादी, आसपास कोणी नाही याची खात्री, आणि मग डोळे मिटून बाण सोड. लक्ष एकाच गोष्टीवर: दोरी ओढणाऱ्या हाताचं मधलं बोट दर वेळी ओठांच्या त्याच कोपऱ्याला टेकतंय ना? हा हात जरासा खाली राहिला की बाण वर गेलाच. धनुष्य 20-25 पाउंडांचंच (म्हणजे दोरी ओढायला तेवढाच जोर लागेल असं) घे. मी हौसेने 45चं घेतलं आणि महिनाभर हातावर दोरीचा निळा वळ मिरवला. पुढे दोन्ही डोळे उघडे ठेवून कागदावरचं एखादं जुनं भोक बघत राहा. नजर बाणाकडे घसरली, तर सोडू नकोस, दोरी सावकाश उतरव. आणि बाण सगळे एकाच मापाचे वापर बाबा.