घरी पुलअप मारायला कोणता बार घ्यावा? दरवाज्यात ताणून बसवायचा की भिंतीला ठोकायचा? (वजन 82 किलो, कोल्हापुरात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो)

दरवाज्यातला घेऊ नका. हे मी माकडहाडाच्या अनुभवावरून सांगतोय.

2020 ची गोष्ट. तालमी बंद, जिम बंद, त्या उघडल्या दसऱ्याला. मी तेव्हा 41 वर्षांचा, वजन 78. ऑनलाइन तो फिरवून ताणायचा बार मागवला. खोक्यावर ठसठशीत छापलेलं, 300 किलो. एवढा आकडा वाचून माणूस निर्धास्त होतो. तो आकडा बारच्या पाइपचा असतो, तुमच्या चौकटीचा नसतो, हे मला पडल्यावर कळलं.

आमची स्वयंपाकघराची चौकट सागवानी, वर दोन हात ऑइलपेंट. बारसोबत दोन वाट्या आणि स्क्रू आले होते. त्या वाट्या चौकटीवर ठोकायच्या आणि बारची टोकं त्यात बसवायची, म्हणजे तो सरकत नाही. बायको म्हणाली, सागवानाला भोक पाडायचं नाही. मीही म्हटलं, रबर आहे की टोकाला, धरेल. आठ दिवस धरलं. नवव्या दिवशी मी एक हात उलटा, एक सुलटा धरून मारत होतो. अशा पकडीनं बारला पीळ बसतो, आणि जो बार फिरवून ताणलाय तो उलटा फिरला की सैल पडणारच. चौथ्याला कर्र असा आवाज आला आणि मी थेट उंबऱ्यावर बसलो.

सोप्यातून, म्हणजे बाहेरच्या खोलीतून, माझ्या वडिलांनी, आबांनी विचारलं, "चौकट मोडली काय रं?"

माझ्याबद्दल नव्हे, चौकटीबद्दल. पुढं सहा आठवडे मी मधे भोक असलेल्या हवेच्या उशीवर बसून काढले. येणाऱ्या-जाणाऱ्याला आबा सांगायचे, "माकडचाळं केलं, माकडहाड मोडलं. हिशेब बरोबर हाय." आबा तालमीतले. जोर, बैठका, दोर आणि मल्लखांब सोडून बाकी सगळं त्यांच्या लेखी माकडचाळेच. लोखंडी बारला लटकणं म्हणजे तर शहरी खूळ. मी म्हटलं, दोर चढता तेव्हा लटकताच की. त्यावर ते तीन दिवस बोलले नाहीत.

खोक्याच्या फोटोत दिसतो तो दुसरा प्रकारही सांगून ठेवतो, दरवाज्याच्या वरच्या पट्टीला हुकासारखा अडकणारा. त्याला चौकटीच्या वर बाहेर आलेली जाड लाकडी पट्टी लागते. आपल्याकडं चौकट प्लास्टरच्या बरोबरीनं असते, फ्लॅटात तर बऱ्याच ठिकाणी ग्रॅनाइटची. अडकवणार कशाला?

आता भिंतीचा. इथं लोक बार निवडत बसतात आणि भिंत बघतच नाहीत. तुमचे 82 किलो भिंतीपासून दोन फुटांवर लटकले आणि ब्रॅकेटची उभी पट्टी एक फुटाची असली, तर वरच्या बोल्टांना भिंतीतून बाहेर ओढणारा जोर 164 किलोचा होतो. हे नुसतं शांत लटकलात तर. झोका घेतलात की त्याच्या वर. पक्क्या विटांची नऊ इंची भिंत हे सोसते, साडेचार इंचीवर मी विश्वास ठेवणार नाही. नव्या बिल्डिंगांत हलक्या ब्लॉकच्या भिंती असतात, त्यात साधा फास्टनर, म्हणजे भोकात फुगून बसणारा बोल्ट, भोवतालचा ब्लॉक भुसभुशीत होऊन निघून येतो. पेठेतल्या जुन्या घरांतल्या मातीच्या भिंतीला तर आरपार बोल्ट आणि मागून लोखंडी पट्टी, याशिवाय काही नाही. आणि प्लास्टिकची गिट्टी घालून स्क्रू मारून देतो म्हणणारा असेल तर त्याला चहा पाजून परत पाठवा. गिट्टी फोटोफ्रेमसाठी असते.

मी शेवटी काय केलं? उद्यमनगरात, कोल्हापूरच्या कारखान्यांच्या वस्तीत, करून घेतला. विशेष म्हणजे आबा स्वतः सोबत आले. फौंड्रीत 30 वर्षं काढलेला माणूस, लोखंडाचं काम म्हटल्यावर राग विसरतो. "कराचाच हाय तर नीट कर," एवढंच बोलले. एक इंची बी क्लास (मध्यम जाडीचा) पाइप, साडेचार फूट. फॅब्रिकेटरचा एक इंच आतून मोजलेला असतो, बाहेरून तो जवळजवळ 34 मिलिमीटर भरतो. मोठ्या पंजाला छान. पंजा लहान असेल तर पाऊण इंची घ्या, तो बाहेरून 27 च्या आसपास येतो, पण लांबी जास्त ठेवलीत तर वाकेल, त्यापेक्षा 28 चा भरीव गज बरा. जिम्नॅस्टिक्सचा बार 28 चाच असतो. दोन्ही टोकांना सहा मिलिमीटरच्या पट्टीचे यू वाकवले, बीमला दोन्ही बाजूंनी मिठी मारतील असे. वेल्डिंग झाल्यावर आबांनी हातोडीनं दोन ठोके मारून आवाज ऐकला, एका सांध्यावर मान हलवली आणि तो परत मारायला लावला. वेल्डरचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. एकूण 1400 रुपये, तेही ओळखीत.

सोप्याच्या बीमला बसवला. 10 मिलिमीटरचे फास्टनर, बीमच्या बाजूंना, मधल्या उंचीवर. खालून मुद्दाम नाही मारले, कारण बीमची मुख्य सळई तळाला असते. एके ठिकाणी ड्रिलला सळई लागली, तर लगेच थांबून दोन इंच सरकलो आणि ते भोक सिमेंटनं भरून टाकलं. बार बीमपासून सव्वा फूट खाली, नाहीतर हनुवटी वर गेली की टाळकं बीमला आपटतं.

हे सगळं इतकं तपशिलात सांगतोय कारण आमच्या थोरल्या भावाचं म्हणणं आजही असं आहे की त्या भोकांमुळं घर गळतं.

जुलै 2021, पंचगंगेला पूर आलेला, पाऊस हटत नव्हता. बीम आणि स्लॅबच्या सांध्याला ओल दिसली. वरच्या मजल्यावरून दादा खाली आला, एक नजर बारकडं टाकली आणि म्हणाला, "बीमला भोकं पाडलीस न्हवं? भोग आता." अहो, भोक बाजूला, खालच्या खोलीतून, तीन इंच खोल. पाणी येतंय वरून. माझ्या भोकानं वरच्या पाण्याला बोलावून घेतलं काय?

त्याच सांध्याच्या बरोबर वर, गच्चीच्या कोपऱ्यात, वहिनींच्या 22 कुंड्या होत्या. मी काही बोललो नाही. पाऊस उघडला त्या दिवशी बादलीभर पाण्यात दाट नीळ कालवली आणि त्या कुंड्यांच्या बुडाशी ओतली. तिसऱ्या दिवशी सकाळी सोप्यात, बीमच्या कडेला, हातभर लांब निळी रेघ. बोल्टांपासून चांगली वीतभर वर. आबांना खुर्ची लावून दाखवली. आबा हसले, पण दादाला बोलावलं नाही. घरातला थोरला तो. दादाला मीच दाखवली, तर म्हणतो, नीळ तूच खालून फासली असशील.

त्याचा मुलगा आता सैन्य भरतीची तयारी करतो. अग्निवीरच्या मैदानीत बीम म्हणजे पुलअपच, 10 मारले की 40 गुण, नऊला 33, सहाला 16. पोरगं रोज पहाटे माझ्याच सोप्यात, त्याच बारवर. दादा तेव्हा जिन्यात उभा राहून मोजतो. सात झाले की खोकतो, म्हणजे पोरानं दम धरावा. गळतीचा विषय त्या वेळेपुरता बंद.

असो, तुमचा प्रश्न. लिहिता लिहिता लक्षात आलं की तुम्ही भाड्यानं राहता, म्हणजे बीमचं माझं पुराण तुमच्या फारसं कामाचं नाही. जागा असेल तर जमिनीवर उभा राहणारा स्टँड घ्या. पाया रुंद बघा, 82 किलोला हलका स्टँड डुलतो, आणि झोके घ्यायचे नाहीत. जागा नसेल तर जवळच्या तालमीत जा. आता बऱ्याच तालमींचं नाव फुटबॉलमुळं घेतलं जातं हे खरं, पण सिंगल बार असतोच. कुठलाही घ्या, त्यावरचा फोमचा गुंडाळा कापून टाका. घामानं तो फिरतो आणि पकड जाते. खांदा दुखत असेल, पूर्वी निखळला असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा, हे मी वरच लिहायला हवं होतं.

आणि घरमालक ठोकायला हो म्हणाला, तर ड्रिल लावायच्या आधी छताचे चारही कोपरे तारखेसकट फोटोत घेऊन ठेवा. वरच्या मजल्यावर कुंड्या असतील तर त्यांचेही.