फिट रोखणारे औषध आणि अपस्मार बदलणारे औषध

तुमच्या २६ वर्षांच्या भावाला लहानपणापासून फिट येतात, तीन औषधे पूर्ण मात्रेत चालू असूनही महिन्याला चार-पाच झटके येतातच, आणि हा आजार मुळातूनच बदलणारी औषधे परदेशात निघाल्याचे वाचनात आल्यामुळे ती भावाला देता येतील का, असे तुम्ही विचारले आहे. मी मेंदूविकारांचा डॉक्टर आहे. सरळ सांगायचे तर सर्व प्रकारच्या अपस्माराला लागू पडेल असे एकही औषध आज नाही. काही ठरावीक कारणांनी होणाऱ्या अपस्मारात मात्र अशी औषधे खरोखर आहेत, आणि म्हणूनच भावाच्या आजाराचे कारण कोणी नेटाने शोधले आहे का, हे मला आधी जाणून घ्यावेसे वाटते.

कार्बामॅझेपिन, व्हॅल्प्रोएट, लेव्हेटिरासेटॅम ही नेहमीची औषधे झटका येऊ देत नाहीत. पण ज्या बिघाडामुळे झटका येतो त्याला ती हात लावत नाहीत. डोक्याला गंभीर मार लागलेल्या ४०४ रुग्णांवर अमेरिकेत झालेला आणि १९९० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या बाबतीत फार बोलका आहे. फेनिटॉइन हे फिटचेच औषध दिलेल्यांना पहिल्या आठवड्यात झटके पुष्कळ कमी आले, परंतु पुढच्या दोन वर्षांत अपस्मार जडण्याचे प्रमाण काही घटले नाही.

योग्य निवडलेली, सोसवणारी आणि पुरेशा मात्रेत दिलेली दोन औषधे अपुरी पडली, की अपस्मार औषधांना दाद न देणारा मानला जातो. २००० साली प्रसिद्ध झालेल्या ग्लासगोच्या अभ्यासात, आधी उपचार न घेतलेल्या ४७० रुग्णांपैकी ४७ टक्क्यांचे झटके पहिल्या औषधावर थांबले, १३ टक्क्यांचे दुसऱ्यावर, आणि तिसऱ्या औषधावर किंवा दोन औषधांच्या जोडीवर अवघ्या ४ टक्क्यांचे. तेव्हा नुसते चौथे औषध वाढवून पाहत वर्षे घालवणे मला पटत नाही.

कारणावर नेम धरणाऱ्या उपचाराचे सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे ट्यूबरस स्क्लेरोसिस. या आनुवंशिक आजारात पेशींची वाढ नियंत्रित करणारी एमटॉर ही यंत्रणा अनावर होते आणि एव्हरोलिमस हे औषध नेमके तिलाच आवर घालते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ३६६ रुग्णांच्या चाचणीत, झटके निम्म्याने किंवा त्याहून अधिक कमी झालेल्यांचे प्रमाण रक्तात औषधाची पातळी जास्त ठेवलेल्या गटात ४० टक्के होते, तर औषधविरहित गोळी घेणाऱ्यांत सुमारे १५ टक्के. जनुकातील दोष मात्र तसाच राहतो, म्हणून औषध चालू ठेवावे लागते. तोंड येणे आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढणे हे त्याचे त्रास आहेत. भावाच्या नाकाच्या दोन्ही बाजूंना गालावर बारीक लालसर पुटकुळ्या किंवा अंगावर पानाच्या आकाराचे फिकट चट्टे असतील, तर ते डॉक्टरांना आवर्जून दाखवा. या पुटकुळ्या मुरुमे समजून वर्षानुवर्षे मलमे लावली जातात, याचे मला नेहमी वाईट वाटते.

प्रौढ वयात अचानक सुरू होणाऱ्या काही अपस्मारांत शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूतील एलजीआय१ या प्रथिनावर उलटते; तिथे फिटच्या गोळ्या फारशा चालत नाहीत, स्टेरॉइडसारख्या उपचारांनी मात्र मोठा फरक पडतो. सीएलएन२ या बालवयातील दुर्मीळ आजारात नसलेले विकर (एन्झाइम) दर पंधरवड्याला थेट मेंदूच्या पोकळीत सोडले जाते आणि त्यामुळे मुलाचे चालणे-बोलणे ढासळण्याचा वेग मंदावतो. ड्रावे सिंड्रोम या तान्ह्या वयात सुरू होणाऱ्या जनुकीय अपस्मारात एससीएन१ए जनुकाचे प्रथिन वाढवणाऱ्या उपचाराच्या चाचण्या चालू आहेत. बातम्यांत येते ते बहुधा असेच काहीतरी असते.

भावाला यांपैकी काहीच नसेल, तरी मार्ग खुंटत नाही. दोष मेंदूच्या एकाच भागात असेल, तर शस्त्रक्रिया हा आजच्या कोणत्याही औषधापेक्षा प्रभावी उपाय ठरू शकतो. दिल्लीच्या एम्समध्ये ११६ मुलांवर झालेल्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्षअखेर शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७७ टक्के झटकामुक्त होते, केवळ औषधांवर ठेवलेल्यांपैकी ७ टक्के. शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलांना गंभीर दुष्परिणाम झाले, हेही लक्षात घ्या. त्यांत अंगाच्या एका बाजूची शक्ती कमी होणे प्रमुख होते.

माझ्याकडे येणारे पुष्कळ रुग्ण दहा वर्षांपूर्वीची एमआरआयची फिल्म आणि ‘नॉर्मल’ असा अहवाल घेऊन येतात. अपस्मारासाठी ठरवलेल्या पद्धतीने, पातळ छेद घेऊन तपासणी पुन्हा केली की त्यांतल्या काहींच्या कानशिलाच्या भागात आक्रसलेला हिप्पोकॅम्पस (मेंदूतील स्मरणशक्तीशी निगडित भाग) स्पष्ट दिसतो. त्यामुळे अपस्मार शस्त्रक्रियेची सोय असलेल्या केंद्रात भावाला दाखवा, झटक्याचे मोबाइलवर चित्रीकरण करून न्या, आणि एमआरआय, व्हिडिओ ईईजी (चित्रीकरणासोबत मेंदूतील विद्युत लहरींची नोंद) व गरज भासल्यास जनुकीय चाचणी करायची का, हे तिथे विचारा. तोवर चालू औषधांचा एकही डोस चुकवू नका; ती अपुरी पडत असली तरी एकाएकी बंद केल्यास न थांबणारा झटका येऊन जिवावर बेतू शकते.