'चाकरमानी' म्हणजे लोकलचा प्रवासी नव्हे

प्रश्न असा आला आहे: निवडणुकीच्या बातम्यांतले 'चाकरमानी मतदार' नेमके कोण, आणि शब्द हिणकस वाटतो म्हणून त्याजागी 'कोकणवासीय' म्हणावे का?

लोकल रखडली की 'चाकरमान्यांचे हाल' हा मथळा ठरलेला. त्यात डोंबिवलीचा बँक कारकून आणि विरारचा कापडदलाल सगळेच कोंबले जातात. हे साफ चूक आहे. पोट मुंबईवर, पण घर, ग्रामदेवता आणि सातबारा कोकणात, तो चाकरमानी. सकाळची गाडी पकडणारा प्रत्येक नोकरदार चाकरमानी होत नाही.

आता हिणकसपणाचे पाहू. 'चाकर' फारसीतून आला एवढे सांगून बहुतेकजण थांबतात. खरी गंमत त्याच्या मागे आहे. मध्य आशियातल्या सोग्द प्रदेशात चाकर म्हणजे सरदाराच्या पदरचा निवडक लढवय्या. सातव्या शतकात चिनी यात्रेकरू ह्यूएन त्संग याच प्रदेशातल्या समरकंदबद्दल लिहितो, की इथल्या सैन्यात असे शूर लोक पुष्कळ आहेत आणि मरणाकडे ते घरी परतण्यासारखे पाहतात. त्याने दिलेले चिनी नाव म्हणजे हाच 'चाकर', असे अभ्यासक मानतात. पुढे अब्बासी खलिफांच्या पदरी याच शब्दाचे 'शाकिरिया' झाले. मराठेशाहीच्या कागदांतही चाकरी म्हणजे फौजेतली नोकरी असे. भांडी घासणारा गडी हा अर्थ नंतर वरचढ झाला.

'मानी'चा 'अभिमानी'शी संबंध जोडणारी व्युत्पत्ती मला मुळीच पटत नाही. माझा तर्क असा, की 'चाकरमाणूस' बोलीत झिजून हे रूप झाले. कोकणीतला 'मनीस' शेजारीच आहे.

२०२५च्या गणेशोत्सवाआधी सरकारी कागदपत्रांत 'चाकरमानी'ऐवजी 'कोकणवासीय' लिहिण्याचा निर्देश निघाला. भावना समजते, पण शब्द दोनदा फसला आहे. एक तर 'वासी' पुरेसे असताना 'ईय'चे शेपूट कशाला? दुसरे म्हणजे, वासी म्हणजे राहणारा, आणि हा माणूस तर तिथे राहत नाही! कोकणचे राजकारण ज्या गोष्टीने घडले, नेमकी तीच या शब्दातून पुसली जाते.

ती गोष्ट आकड्यांत दिसते. २००१ ते २०११ या काळात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली, सिंधुदुर्गाचीही घटली. रत्नागिरीत २०११ला हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, म्हणजे गावातल्या मतदान केंद्रावर बायकांचे मत जड. २००१च्या जनगणनेवर झालेल्या मतदारसंघ फेररचनेत रत्नागिरीचे विधानसभा मतदारसंघ सातावरून पाचावर आले. राजापूर आणि रत्नागिरी हे लोकसभेचे जुने मतदारसंघही गेले. माणसे मुंबईला गेली आणि त्यांच्यामागे आमदारही कमी झाले.

मताचा कलही मुंबईकडून येई. राजापूरने आधी नाथ पै आणि मग १९७१पासून सलग पाच वेळा मधु दंडवते या समाजवाद्यांना निवडले. लालबाग-परळच्या शाखांत वाढलेली शिवसेना सुट्टीला गावी येणाऱ्या माणसांबरोबर कोकणात उतरली. १९९०ला नारायण राणे मालवणमधून आमदार झाले, १९९६ला सुरेश प्रभू राजापूरचे खासदार. गावाच्या मुंबई मंडळाचे, म्हणजे एका गावच्या मुंबईकरांच्या संघटनेचे, वजन ज्याने मोजले नाही, त्याला हा बदल अचानक वाटतो.

'चाकरमानी मतदार' म्हणजे तो मुंबईत मत देतो की गावी? कायद्याने एकाच ठिकाणी. १९५०च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात कसोटी 'सर्वसाधारण रहिवासी' असण्याची आहे, आणि गावी नुसते घर मालकीचे असणे त्याला पुरत नाही. उलट तात्पुरते बाहेर राहिल्याने नाव जात नाही. बिऱ्हाड कायमचे हलले तर नमुना ८ भरावा. लोक चुकून नमुना ६ भरतात. तो नव्या मतदाराचा असल्याने गावचे नाव तसेच राहते आणि दुबार नोंद होते. अर्जात जाणूनबुजून खोटी माहिती दिली, तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. तेव्हा मथळ्यात 'चाकरमानी मतदार' लिहिताना गावच्या यादीत नाव असलेला मुंबईकर, एवढ्याच अर्थाने लिहावे.