उत्तर: एच-४ वरच्या मुलीला टेक्सासमध्ये इन-स्टेट फी

तुम्ही एच-१बीवर (नोकरीचा व्हिसा), मुलगी एच-४ वर (एच-१बीवाल्याच्या कुटुंबाचा व्हिसा). गेल्या वर्षी जुलैत न्यू जर्सीहून डॅलसला आलात, आणि यंदा मुलीला युनिव्हर्सिटीने राज्याच्या रहिवाशांची कमी, म्हणजे इन-स्टेट, फी न लावता बाहेरच्यांची महागडी आउट-ऑफ-स्टेट फी लावली. पोस्ट वाचून जुनी ठसठस पुन्हा सुरू झाली, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. मी वकील नाही, आणि हे फक्त टेक्सासपुरतं.

लीज, पे-स्लिपा वगैरे तुम्ही जमवलं असेलच. आमच्या वेळी घोडं अडलं ते युनिव्हर्सिटीच्या रेसिडेन्सीच्या खिडकीशी, म्हणजे कोण राज्याचा रहिवासी ते ठरवतात तिथे. तिथल्या बाईंनी ठणकावून सांगितलं, "व्हिसावर आहात ना? मग ग्रीन कार्ड आल्यावर या." साफ चूक! डोमिसाइल, म्हणजे राज्याचा रहिवासी असल्याची मान्यता, एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वाल्यांना मिळत नाही. एच-१बी आणि एच-४ ला मिळू शकतं. कुठले व्हिसा चालतात त्याची यादी राज्याच्या हायर एज्युकेशन कोऑर्डिनेटिंग बोर्डाची आहे. पण त्या खिडकीला सगळे व्हिसावाले एकाच माळेचे मणी. दर फोनला नवा माणूस, नवं उत्तर, आधीच्या बोलण्याची नोंद कुठेच नाही. शेवटी ती यादी जोडून ईमेलवर लेखी कारण मागितलं, तेव्हा कुठे फाइल वरच्या साहेबांकडे सरकली. फरकाचे पैसे परत मिळाले, पण तोवर पहिल्या सेमिस्टरसाठी कर्ज काढून झालं होतं. त्यामुळे माझं मत विचाराल तर फोन करूच नका.

इन-स्टेट फीसाठी टेक्सासमध्ये १२ महिने राहिलेलं असावं लागतं. ते मोजतात सेन्सस डेटपासून मागे, म्हणजे फॉल सेमिस्टरला वर्ग सुरू झाल्यावरच्या १२ व्या दिवसापासून. अर्जाच्या तारखेचा इथे संबंध नाही. जुलैत आलात, तर बसता. मुलगी तुमच्या टॅक्स रिटर्नवर डिपेंडंट असेल तर कागद तुमचे लागतील. वजन नोकरीच्या पत्राला नाहीतर स्वतःच्या घराला; लायसन्स आणि लाइट बिल नुसती जोड. कॅलिफोर्नियातले मित्र 'स्टेट रिटर्न दाखव' म्हणतील. टेक्सासला स्टेट इन्कम टॅक्सच नाही, दाखवणार काय?

आणि हो, लायसन्स काढताना मतदार नोंदणीचं विचारतात. रहिवासाचा पुरावा होईल म्हणून कुणी कितीही सुचवलं तरी 'नाही'च लिहा. नागरिक नसताना नोंदणी झाली तर ग्रीन कार्डच गोत्यात येईल.

यातूनही नाही जमलं, तर डिपार्टमेंटला स्कॉलरशिपचं विचारा. स्पर्धेतून मिळालेली किमान १००० डॉलरची असेल तर इन-स्टेट दर लावता येतो. प्रत्येक कॉलेज देतंच असं नाही, आणि जागाही मोजक्याच असतात.